चार बोटांची मोकळीक

घरात इतकी शांतता होती की शाल्मलीने बुटाची नाडीसुद्धा श्वास रोखून बांधली. आता फक्त दार ओढून घ्यायचं आणि लिफ्टकडे सटकायचं. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. चर्रर्र! बुटाचा वेल्क्रो उघडल्याचा. जरा थांबून दुसऱ्या बुटाचा. चर्रर्र!

"मनू, झोप," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"झोपले होते. झाली झोप. आणि मला सोडून गेलीस ना, तर बाबाला उठवीन."

"उठव की! भूकंपाने नाही उठत तो, तुझ्याने उठतोय."

मनवा बाहेर आली. टी-शर्ट उलटा, केस पिंजारलेले, बूट मात्र अगदी नीट. नुकतंच दहावं लागलं होतं तिला.

दिवसातला हा एकच तास शाल्मलीचा स्वतःचा होता. डबे नाहीत, प्रयोगशाळा नाही, व्हिडिओ कॉलवर सासूबाई नाहीत. नुसती ती आणि तिचे पाय. महिन्याभरापूर्वी त्या तासातही वाटेकरी आली, तेव्हा पहिल्या दिवशी तिला जरा जडच गेलं होतं. मग कालव्याकाठी मनूचा घामेजलेला तळवा तिच्या हातात आला आणि तो तास गुपचूप दोघींचा होऊन गेला.

सायगॉनमध्ये धावणं म्हणजे पुण्यात टेकडीवर धावणं नव्हे, हे शाल्मलीला दीड वर्षापूर्वी पहिल्याच सकाळी कळलं होतं. हे शहर उजाडायच्या आत जागं होतं. फूटपाथवर दुचाक्या उभ्या, त्यांच्या मधून प्लास्टिकची बुटकी स्टुलं, स्टुलांवर बसून वाफाळत्या सुपातले नूडल्स ओढणारी माणसं आणि उरलेल्या जागेत झाडांच्या मुळांनी उचकटलेल्या फरश्या. धावायचं तर खाली रस्त्यावर उतरायचं. आणि रस्त्यावर नदी होती. दुचाक्यांची नदी, काठोकाठ भरलेली, न थांबणारी. एकाही दुचाकीला हॅण्डल धरणारा माणूस नव्हता. स्वयंचल दुचाक्या त्या. लोक वर बसून पाव खात, पोरांचे केस विंचरत, कुणी चक्क डुलक्या काढत. हॉर्न नाही, शिवीगाळ नाही. नुसती मधमाश्यांसारखी गुणगुण. त्यात ही सगळी वाहतूक उजव्या बाजूने चालणारी. शाल्मली जन्माच्या सवयीने आधी उजवीकडे बघायची आणि डावीकडून वाऱ्याचा झोत अंगाला घासून जायचा.

पहिल्या आठवड्यात ती रस्ता ओलांडायची तो अस्सल पुणेरी पद्धतीने. दोन पावलं टाकायची, थांबायचं, तळवा पुढे करून गाड्यांना हात दाखवायचा, मग पळत सुटायचं, अर्ध्यातून परत यायचं. पुण्यात या हातापुढे बसचा ड्रायव्हरसुद्धा थांबतो. शिव्या देत थांबतो, पण थांबतो.

खिडकीतून हा तमाशा पाहून क्वांग खाली धावत आला होता. क्वांग म्हणजे तिच्या प्रयोगशाळेतला गणिती. तिच्याहून लहान, म्हणून तिला 'ची' म्हणायचा. इथे 'ची' म्हणजे ताई.

"ची, तुम्ही थांबता म्हणून धोका आहे!" तो म्हणाला होता.

"म्हणजे गाडी अंगावर आली तरी चालत राहायचं?"

"चालतच राहायचं. आमची आजी भाजीची टोपली घेऊन अशीच जायची, गाड्या माणसं चालवत होती तेव्हाही. पाऊल टाकायचं आणि टाकत राहायचं. थांबायचं नाही, मागे यायचं नाही. तुम्ही कुठे जाणार हे गाडीला कळलं की गाडी तुम्हाला चुकवते. आमचा पाउलवेध तेच तर करतो."

पाउलवेध ही त्या प्रयोगशाळेची निर्मिती होती आणि सगळं शहर तिच्यावर चालत होतं. खांबाखांबावरचे आणि गाड्यागाड्यांवरचे डोळे रस्त्यातल्या प्रत्येक माणसाचा घोटा, गुडघा आणि कंबर पाहत. कंबरेच्या वरचं काही पाहायचं नाही, असा शहराचा कायदा होता. चेहरे ओळखू येता कामा नयेत म्हणून. या तीन सांध्यांवरून पुढची पावलं कुठे पडतील याचा अंदाज बांधायचा आणि त्या माणसाभोवती एक अदृश्य वर्तुळ आखायचं. दुचाक्या त्या वर्तुळात शिरत नसत. या वर्तुळाला ते 'मोकळीक' म्हणत.

"सगळ्यांना सारखी मोकळीक दिली तर शहर तुंबेल," क्वांगने समजावलं होतं. "म्हणून हिशेब साधा ठेवलाय. पुढचं पाऊल जितकं अनिश्चित, तितकी मोकळीक मोठी. झिंगलेला माणूस, रांगणं सोडून नुकतं चालायला लागलेलं पोर, थकलेला म्हातारा, यांना ऐसपैस. ठाम चालणाऱ्याला वीतभर पुरते."

"आणि धावणाऱ्याला?"

क्वांग हसला होता. "सांगा बघू. चालविज्ञान तुमचा विषय."

शाल्मलीने क्षणभर विचार केला. धावताना मधेच दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात. सुटलेल्या पायांना दिशा बदलता येत नाही. फेकलेल्या दगडासारखं माणूस ठरलेल्या जागीच पडतं.

"धावणारा सगळ्यात निश्चित," ती म्हणाली. "म्हणजे त्याला सगळ्यात कमी?"

"चार बोटं," क्वांग म्हणाला. "लागत कधीच नाही. पण घासून जातात खऱ्या. म्हणून तर इथे लोक जिममध्ये धावतात, ची!"

ती मात्र रस्त्यावरच धावत राहिली. हात दाखवणं तिने सोडलं, थांबणं सोडलं, आणि चार बोटांवरून जाणाऱ्या वाऱ्याची तिला सवय झाली.

मनू बरोबर यायला लागली तेव्हा मात्र तो पुण्याचा हात आपोआप वर गेला. लेकीला घेऊन त्या नदीत उतरताना गणितावर विश्वास कोण ठेवणार? आणि नवल झालं. हात वर करताच दुचाक्या लांबूनच वळल्या. चार बोटं कुठली, चांगला खोलीएवढा रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मनूही हात दाखवायला लागली.

आज सकाळीसुद्धा कालव्याच्या पुलापाशी मनूने ऐटीत तळवा पुढे केला आणि सगळी नदी दुभंगली.

"बघ! मी राणी आहे."

"राणीसाहेब, टी-शर्ट उलटा घातलाय आपण," शाल्मली म्हणाली.

हसताहसता तिच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. हात वर गेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर कंबर. पाउलवेध त्या कंबरेवरून वरचा हात ओळखायला शिकला असेल तर? न पाहिलेला इशारा त्याला कळत असेल तर? केवढा मोठा शोध होईल हा! पुण्याच्या पादचाऱ्याने एका शहराला शिकवलेला.

प्रयोगशाळेत पोचल्या पोचल्या तिने क्वांगला गाठलं. "तुझ्या पाउलवेधला माझा हात समजायला लागलाय."

"हात?"

तिने हाताची आणि वळणाऱ्या दुचाक्यांची गोष्ट सांगितली. क्वांगने शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ची, राग मानू नका. बाजारासमोर रोज तुमच्या देशातले पर्यटक हात दाखवत उभे असतात. अक्षरशः शेकड्याने. एकाचीही मोकळीक बोटभर वाढलेली नाही. मी स्वतः तपासलंय ते, तुमचा पहिला आठवडा बघूनच तपासलं होतं."

"मग माझी कशी वाढली?"

"वाढली नसेल. बरं वाटतं माणसाला तसं."

"पैज?"

त्याने सकाळची नोंद उघडली. नोंदीत माणसं नसत. पाय, आकृत्या, सगळं त्या त्या क्षणी पुसलं जाई. उरत ती फक्त नकाशावरून सरकणारी वर्तुळं. कालव्याचा पूल, सकाळची वेळ. इकडून तिकडून कितीतरी टिकल्या सरकत होत्या. आणि त्यांच्या मधोमध एक भलंमोठं वर्तुळ, ताटाएवढं, हळूहळू पूल ओलांडत होतं.

"हीच मी!" शाल्मली म्हणाली. "काढ पैजेची कॉफी."

क्वांगने आदल्या दिवशीची नोंद काढली. त्याच्या आदल्या दिवशीची. मग महिन्यापूर्वीची. वर्तुळ तेच होतं, पण सुरुवातीला जरा लहान होतं. दिवसागणिक किंचित किंचित वाढत गेलं होतं.

"क्वांग?"

"ची, तुम्ही बसा आधी."

"अरे, झालं काय?"

"मोकळीक फक्त एकाच गोष्टीने वाढते," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "तुम्हाला माहिती आहे ते."

माहिती होतंच. तरीही ते वाक्य कानात शिरून आत पोचायला वेळ लागला. पुढचं पाऊल जितकं अनिश्चित, तितकी मोकळीक मोठी.

"माझे वडील," क्वांग सांगू लागला, "रस्त्यात उतरले की गाड्या बाजूला व्हायच्या. आम्हाला वाटायचं, शहर म्हाताऱ्यांचा मान राखतंय. आई तर शेजारणींना कौतुकाने सांगायची. हातांना कंप सुटला तो त्यानंतर पुष्कळ दिवसांनी. डॉक्टर म्हणाले, मेंदूतला बिघाड केव्हाच सुरू झाला असणार, बाहेरून दिसत नव्हता इतकंच. मी परत येऊन नोंदी उघडल्या. पाउलवेधला दिसला होता."

"मग तो सांगत का नाही लोकांना?"

"परवानगी नाही. कुणाची चाल कशी आहे हे कुणाला सांगायचं नाही, त्याला स्वतःलासुद्धा नाही. शहर सांगत नाही, ची. फक्त बाजूला होतं. मी आत्ता तुमच्याशी बोलतोय हेही नियमाबाहेर आहे."

शाल्मलीने टेबलाची कड धरली. इतकी वर्षं ती हेच शिकवत आली होती. चेतातंतूंचे आजार पहिल्यांदा पावलांत दिसतात. दोन पावलांमधलं अंतर किंचित कमीजास्त व्हायला लागतं, रोग्याला पत्ताही नसतो. तिने आपल्या पायांकडे पाहिलं. तेच पाय. सकाळी धावले होते, जिना चढून आले होते. आणि मग एकदम मनू आठवली. ही पंधराची होईल तेव्हा मी खुर्चीत असेन का? तिची वेणी घालणारे हात थरथरत असतील का? पुढे काय काय ते एका क्षणात दिसून गेलं.

"कदाचित दुसरं काही असेल," क्वांग म्हणाला. "झोप कमी, औषधं..."

"मला बघायचंय," ती उठून उभी राहिली.

"काय?"

"माझं वर्तुळ. आत्ता. तू इथे बस, मी खाली जाते. फोन चालू ठेव."

"ची, भर उन्हात..."

पण ती निघाली होती. ऑफिसच्या सँडल्स, साधा कुडता, ओढणी कमरेला गुंडाळलेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. प्रयोगशाळेसमोरचा रस्ता दुपारच्या गर्दीने उतू चालला होता. तिने फोन कानाशी धरला आणि कुठेही न थांबता, हात न दाखवता त्या नदीत स्वतःला झोकून दिलं. धावत.

वाऱ्याचा झोत डाव्या कानाला घासून गेला. दुसरा पाठीला. एका दुचाकीवरच्या बाईच्या पिशवीतला कोथिंबिरीचा वास थेट तिच्या नाकात गेला, इतक्या जवळून. ती पलीकडे पोचली, वळली, परत धावली. पुन्हा तेच. घासून, चाटून, चार बोटांवरून.

"ची!" फोनमधून क्वांग ओरडत होता. "लहान आहे! टिकलीएवढं! सगळ्या रस्त्यात तुमचंच सगळ्यात लहान आहे!"

शाल्मली फूटपाथवरच्या एका बुटक्या स्टुलावर धपकन बसली आणि हसायला लागली. हसताहसता रडायला लागली. उसाच्या रसवाल्या बाईने काही न विचारता बर्फ घातलेला पेला तिच्या हातात दिला. तिने तो एका दमात संपवला. आपण ठीक आहोत. आपले पाय आपलेच आहेत. हे वेडं शहर आपल्याला घासून जातंय, किती छान घासून जातंय!

"बघ," ती फोनमध्ये म्हणाली, "तुझ्या यंत्राची चूक असेल. सकाळचं ते वर्तुळ दुसऱ्याच कुणाचं."

"वेळ तुमची होती, वाट तुमची होती," क्वांगही आनंदाने बोलत होता. "पुलावरून थेट तुमच्या इमारतीपर्यंत गेलंय ते. तुम्ही एकट्याच होतात ना?"

तिच्या हातातला पेला खाली आला.

सोबत चालणाऱ्यांचं वर्तुळ एकच असतं. कंबरेखाली हातात हात दिसला की पाउलवेध दोघांना एक धरतो आणि दोघांत ज्याला जास्त लागते त्याची मोकळीक दोघांना देतो. आईच्या आणि मुलाच्या मधून गाडी जाऊ नये म्हणून. ही सुधारणा शाल्मलीनेच सुचवली होती. मंजूर झाली त्या दिवशी क्वांगने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं होतं.

महिन्याभरापूर्वी तिने हात वर केला. त्याच दिवशी मनू बरोबर आली. एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, बदलल्या तर कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही, हे ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून द्यायची.

"ची? ऐकताय ना? एकट्याच होतात ना?"

"मुलांची चाल," ती कशीबशी म्हणाली, "कितव्या वर्षी स्थिर होते, क्वांग?"

हे त्याला तिनेच शिकवलं होतं. "सातव्या," तो म्हणाला.

"नऊ वर्षांच्या मुलीला किती मोकळीक लागते?"

"ची, मी येतो खाली. तुम्ही तिथेच थांबा."

"किती लागते?"

"वीतभर," तो म्हणाला. "तुमच्यामाझ्याएवढीच."

शाळा सुटायला अजून वेळ होता, तरी ती निघाली. चालताना एकेक गोष्ट अंगावर येत गेली. मनूचे सतत खरचटलेले गुडघे. धांदरट आहे, म्हणून हसलो आपण. ताटापर्यंत येताना सांडणारी आमटी. 'लक्ष कुठे असतं तुझं?' म्हणून ओरडलो. डाव्या बुटाची आतून झिजलेली टाच. दुकानदाराला म्हणालो, माल चांगला नाही तुमचा. घरात, माहेरी, सासरी कुणाला काही नाही. पण काही आजार असे असतात की आई ठणठणीत, वडील ठणठणीत, आणि दोघांकडून अर्धा अर्धा आलेला दोष लेकरात पुरा होतो. हेसुद्धा तिने शिकवलं होतं. तास संपल्यावर चहा प्यायला गेली होती.

शाळेसमोरच्या रस्त्यात दुचाक्यांचा लोंढा होता. शाल्मली या बाजूला उभी राहिली. पलीकडे फाटक उघडलं आणि मुलं रस्त्यात उतरू लागली, इथल्या रीतीने, संथ, एका लयीत. दुचाक्या त्यांच्या दप्तरांना घासून जात होत्या. एका मुलाच्या टोपीची कड हलली, तरी त्याने वर पाहिलं नाही. सगळी मनूच्याच वयाची मुलं. सगळ्यांना वीतभर.

मग मनू दिसली. एकटी नव्हती. एका हाताला तिची मैत्रीण लिन, दुसऱ्या हाताला चष्मा लावलेला एक मुलगा, त्याच्या हाताला आणखी दोघं. हातात हात घेतलेली साखळी होती ती. मधोमध मनू. साखळी रस्त्यात उतरली आणि लोंढा लांबूनच फाकला. एकेक दुचाकी दूरवरून वळसा घेऊ लागली, नदीत मधेच खडक यावा तशी. मोकळ्या पडलेल्या रस्त्यातून मुलं हसत, खिदळत, नाचत येत होती. कुणालाच घाई नव्हती.

शाल्मलीला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. तिने मिटले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तिने लेकीचा चेहरा सोडून तिच्या कंबरेखाली पाहिलं. कंबर. गुडघा. घोटा. डावं पाऊल जमिनीवर टेकायच्या आधी निमिषभर हवेत चाचपडत होतं, अंधारात पायरी शोधावी तसं. किती थोडं! शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही आईला ते दिसलं नसतं.

"आई! तू कशी काय आलीस?" मनू साखळी सोडून धावत आली आणि तिच्या कमरेला बिलगली. "आज दोघं माझा हात धरण्यावरून भांडले, माहितीये? लिन म्हणते, तुझ्याबरोबर आलं की भीतीच वाटत नाही."

"हो का, राणीसाहेब?" शाल्मली म्हणाली. आवाज आपलाच आहे का, हे तिला कळेना.

"पण गंमत सांगू?" मनूने नाकावरचा घाम आईच्या ओढणीला पुसला. "आज माझे दोन्ही हात धरलेले होते ना, मी हात वर केलाच नाही. तरी झाल्या बाजूला. आणि काल लिन एकटीच गेली होती. तिने एवढा उंच हात केला, तरी तिच्यासाठी एकसुद्धा गाडी हलली नाही." ती वळून त्या वाहत्या गर्दीकडे पाहत राहिली. मग मान वर करून तिने विचारलं, "आई, त्यांना माझ्याबद्दल काय माहितीये गं?"